कागलच्या गच्चीवरनं तारा झाकला गेला नाही, मग अंदाज चुकला का?

सर, आधी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो, म्हणजे दुसऱ्या कुणी वाचलं तर त्यालाही धागा लागेल. तुम्ही कागलला हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवता, तुमच्याकडं ८ इंची न्यूटोनियन (आरशाची) दुर्बीण आहे, ट्रॅकिंगचा माउंट आहे, मोनो कॅमेरा आहे. मार्चमधल्या एका रात्री नेपच्यूनच्या पलीकडची साधारण ९०० किलोमीटरची एक वस्तू १३.८ प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा मंद) ताऱ्यापुढनं जाणार होती आणि सावलीची मधली रेषा कोल्हापूरजवळनंच काढलेली होती. तुम्ही आठवी-नववीची पोरं गच्चीवर बोलावली, २ सेकंदांच्या एक्स्पोजरनं ३ मिनिटं रेकॉर्डिंग केलं, आणि तारा जसा होता तसाच राहिला. आता विचारताय की अंदाज चुकला होता का, पोरांना काय सांगायचं, आणि पुढच्या वेळी काय बदलायचं.

एवढंच आधी सांगतो की अंदाज चुकलेला नाही आणि तुमची फाइल कामाची आहे, ती अजिबात डिलीट करू नका. आता सविस्तर.

तारा इतका लांब असतो की त्याचा प्रकाश आपल्यापर्यंत समांतर येतो, त्यामुळं मध्ये जी वस्तू येते तिची पृथ्वीवरची सावली जवळजवळ तिच्याच मापाची पडते. ९०० किलोमीटरची वस्तू, तर ९०० किलोमीटर रुंद पट्टा. उन्हाळ्यात मसाई पठारावर उभं राहिलं की ढगाची सावली लांबनं पळत येते, कधी आपल्यावरनं जाते, कधी शंभर पावलं बाजूनं निघून जाते, अगदी तसंच हे, फक्त वेग सेकंदाला २५ किलोमीटरच्या आसपास. आणि हा वेग मुख्यतः आपल्या पृथ्वीचा असतो, ती सूर्याभोवती सेकंदाला ३० किलोमीटरनं धावते आणि तिकडची वस्तू जेमतेम ५ नं सरकते. त्यामुळं प्रतियुतीच्या (वस्तू आकाशात सूर्याच्या बरोबर समोरच्या बाजूला येते त्या वेळेच्या) आसपास सावली पूर्वेकडनं पश्चिमेकडं धावते, हैदराबादला तारा झाकला गेला की १८-२० सेकंदांत आपल्याकडं पाळी. मधल्या रेषेवर असाल तर ९०० ला २५ नं भागा, ३६ सेकंद तारा गायब. हे सगळं तुम्हाला माहीत असणार, पण पुढचा हिशेब यावरच उभा आहे म्हणून लिहिलं.

आता अंदाज कसा करतात ते बघू, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर तिथंच आहे. दोन गोष्टी लागतात, ताऱ्याची जागा आणि वस्तूची जागा. ४० खगोलीय एकक, म्हणजे सूर्य-पृथ्वी अंतराच्या ४० पट, अंतरावर १ मिलीआर्कसेकंद (अंशाच्या ३६०० व्या भागाचा हजारावा भाग) म्हणजे जमिनीवर २९ किलोमीटर. तिथनं आपली अख्खी पृथ्वी बघितली तर अर्ध्या आर्कसेकंदापेक्षा लहान दिसेल. म्हणजे जुन्या काळात ताऱ्यांच्या कॅटलॉगमध्ये ५० मिलीआर्कसेकंदांची चूक असली की सावली जवळपास दीड हजार किलोमीटर सरकायची, कोल्हापूर म्हणता म्हणता दिल्लीच्याही पलीकडं. त्यावेळी माणसं अंदाजावर विश्वास ठेवून विमानानं दुसऱ्या खंडात जायची आणि मोकळ्या हातानं परत यायची.

ताऱ्याची बाजू आता ताऱ्यांच्या जागा मोजणाऱ्या गाया यानानं जवळजवळ सोडवलेली आहे. २०१३ च्या डिसेंबरमध्ये ते सुटलं, २०१८ मध्ये दुसरा डेटा आला तेव्हा आमच्यासारख्यांचं अक्षरशः काम बदललं, आणि २०२२ च्या तिसऱ्या डेटामध्ये तुमच्या १३.८ प्रतीच्या ताऱ्याची जागा मिलीआर्कसेकंदाच्या शंभराव्या भागांत दिलेली असते. फक्त लक्षात ठेवा की ती जागा २०१६ सालची आहे, ताऱ्याची स्वतःची गती धरून आजच्या तारखेला आणावी लागते, आणि त्या गतीतली चूक दर वर्षी थोडी थोडी साठत जाते. तरी दहा वर्षांत ती तुमच्या ताऱ्यासाठी पाच-सहा किलोमीटरच्या वर जात नाही, ९०० किलोमीटरपुढं ती काहीच नाही. एक सावधगिरी मात्र घ्यायची. गायाच्या कॅटलॉगमध्ये रूवी नावाचा एक आकडा असतो, तो १.४ च्या वर असला तर समजायचं की हा तारा नीट एकटा वागत नाही, बहुतेक जोडतारा आहे, आणि मग त्याच्या जागेवर डोळे झाकून भरवसा ठेवायचा नाही.

खरी अडचण वस्तूची. नेपच्यूनपलीकडच्या क्वाओआरचं उदाहरण घ्या, २००२ मध्ये सापडला, सूर्याभोवती एक फेरी मारायला त्याला पावणेतीनशे वर्षांच्या वर लागतात. जुन्या फोटोंमधनं मागचं काही सापडतं तेवढं धरलं तरी त्याच्या कक्षेचा एक लहानसा तुकडाच आपण बघितलाय. प्लूटो १९३० पासनं बघतोय, त्याचीही अजून एक फेरी पूर्ण झाली नाही. या तुकड्यावरनं अख्खी कक्षा काढायची, ती पुढं न्यायची आणि मग सांगायचं की अमुक रात्री अमुक मिनिटाला तो इथं असेल. त्यात १९ किंवा २० प्रतीच्या ठिपक्याचं मोजमापच मुळात अवघड. वर अजून एक भानगड म्हणजे उपग्रह. जमिनीवरनं प्लूटो आणि त्याचा उपग्रह शॅरन बऱ्याचदा एकाच ठिपक्यात मिसळतात, तुम्ही मोजता त्या मिश्र ठिपक्याचा मध्य, पण कक्षा असते ती दोघांच्या समाईक गुरुत्वमध्याची आणि तो मध्य प्लूटोच्या बाहेरच पडतो. ऑर्कस या तशाच दूरच्या वस्तूचं तर फार सुंदर उदाहरण आहे. ७ मार्च २०१७ ला ऑर्कस तारा झाकणार असा अंदाज होता, अमेरिका खंडांतल्या पाच ठिकाणांहून निरीक्षण झालं, दोन ठिकाणी तारा गेला, आणि नंतर सगळं जुळवल्यावर कळलं की झाकणारा ऑर्कस नव्हताच, त्याचा उपग्रह व्हँथ होता. त्यावरनं व्हँथचा व्यास साधारण ४४० किलोमीटर निघाला. मी तर म्हणेन जे बघायला गेले त्यापेक्षा मौल्यवान गोष्ट हाताला लागली.

म्हणून चांगले गट काय करतात, की पिधानाच्या, म्हणजे तारा असा झाकला जाण्याच्या, आधीच्या आठवड्यांत मोठ्या दुर्बिणीनं त्या वस्तूचे ताजे फोटो घेतात, शक्यतो ती त्याच ताऱ्याच्या फ्रेममध्ये आली की, आणि कक्षा नव्यानं बसवतात. त्यामुळं अंदाज शेवटच्या दोन-तीन दिवसांतही शेकडो किलोमीटरनं सरकू शकतो. महिन्याभरापूर्वी डाउनलोड केलेला नकाशा घेऊन गच्चीवर जायचं नाही, त्या दिवशी संध्याकाळी परत एकदा बघायचं. पॅरिसच्या गटाचा लकी स्टार प्रकल्प हे अंदाज देतो आणि ऑकल्टवॉचर या प्रोग्रॅममध्ये तुमच्या गावाच्या हिशेबानं ते लावून मिळतात, सुरुवातीला एवढं पुरे.

आता तुमच्या रात्रीचा हिशेब. तुम्ही पाठवलेल्या अंदाजात खाली बारीक अक्षरात वस्तूच्या जागेची अनिश्चितता ३० मिलीआर्कसेकंद लिहिलेली आहे. म्हणजे जमिनीवर ८७० किलोमीटर. सावलीची अर्धी रुंदी ४५० किलोमीटर. साधं सांख्यिकीचं गणित केलं तर बरोब्बर मधल्या रेषेवर बसलेल्या माणसालाही तारा झाकला जाण्याची शक्यता साधारण ४० टक्केच येते. म्हणजे त्या रात्री तारा न झाकला जाण्याचीच शक्यता जास्त होती, आणि हे अंदाज देणाऱ्यानं लपवलेलं नव्हतं. नकाशावर जाड रेषांच्या बाहेर ज्या तुटक रेषा असतात त्या यासाठीच असतात. लोक मधली रेषा बघतात आणि आपलं गाव तिच्यावर आलं की आनंदतात, पण खरं बघायचं ते तुटक रेषा किती लांब आहेत. तीच अनिश्चितता वेळेतही असते, ८७० ला २५ नं भागा, ३५ सेकंद पुढंमागं.

आणि तुमच्या 'काही झालं नाही'चं वजन किती आहे बघा. तुम्ही अंदाजाच्या वेळेच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड मिनिट रेकॉर्ड केलंत, म्हणजे वेळेच्या अनिश्चिततेच्या अडीचपट, ते चांगलं झालं. एक्स्पोजर २ सेकंदांचं, म्हणजे ४ सेकंदांपेक्षा जास्त वेळ तारा गेला असता तर निदान एका पूर्ण फ्रेममध्ये तो दिसलाच नसता. ४ सेकंद म्हणजे १०० किलोमीटर. तेव्हा तुम्ही ठामपणे म्हणू शकता की कागलवरनं त्या वस्तूची १०० किलोमीटरपेक्षा लांब जीवा (तिच्या चकतीला आरपार कापणारी रेषा) गेलेली नाही. आता ९०० किलोमीटर व्यासाचं वर्तुळ काढा, त्यात १०० किलोमीटरची जीवा मध्यापासनं किती लांब पडते ते पायथागोरसनं काढा, जवळपास ४४७ किलोमीटर येतात. म्हणजे व्यासाचा आकडा बरोबर धरला तर ती वस्तू अंदाजापेक्षा किमान १५ मिलीआर्कसेकंद उत्तरेला किंवा दक्षिणेला होती. हे कागलच्या गच्चीवरनं ८ इंची दुर्बिणीनं काढलेलं मोजमाप आहे सर, मोठमोठ्या वेधशाळांना १९-२० प्रतीच्या वस्तूची जागा एवढी बारीक काढायला घाम फुटतो. नववीच्या पोरांना पायथागोरस येतो, त्यांना फळ्यावर हाच हिशेब करायला लावा. 'काय मिळालं' याचं उत्तर ते स्वतःच काढतील.

याच्यासाठी एकच अट, तारा तोच होता का याची खात्री. रेकॉर्डिंगची एक फ्रेम प्लेट-सॉल्व्ह करून, म्हणजे ताऱ्यांवरनं तिची आकाशातली नेमकी जागा काढून, गायाच्या जागेशी ताडून बघा. १४ प्रतीच्या आसपास शेजारी असेच दोन-तीन ठिपके असतात आणि चुकीच्या ताऱ्याचं निगेटिव्ह हे काहीच न पाठवण्यापेक्षा वाईट, कारण त्यावर भरवसा ठेवून कोणीतरी कक्षा बसवतो.

निगेटिव्ह निरीक्षणाची किंमत काय असते हे ॲरोकॉथ या प्लूटोपलीकडच्या लहान वस्तूच्या वेळी सगळ्यांनी बघितलं. न्यू होरायझन्स यान प्लूटोनंतर त्याच्याकडं जाणार होतं आणि त्याचा आकार कुणालाच माहीत नव्हता. ३ जून २०१७ ला दक्षिण आफ्रिका आणि अर्जेंटिनात दुर्बिणींच्या रांगा लावल्या, एकालाही तारा गेलेला दिसला नाही. त्यावरनंच वस्तू वाटली होती त्यापेक्षा लहान असावी किंवा काहीतरी वेगळंच रूप असावं असा विचार सुरू झाला. मग १७ जुलैला अर्जेंटिनात, चुबुत प्रांतात, परत २४ दुर्बिणींची रांग. वारा इतका होता की स्थानिक लोकांनी दुर्बिणींच्या आडोशाला ट्रक उभे केले, रस्त्यावरचे दिवे बंद केले. ५ दुर्बिणींना तारा गेलेला मिळाला, उरलेल्यांना नाही. त्या ५ जीवांवरनं दोन गोळे चिकटल्यासारखा आकार दिसला आणि १ जानेवारी २०१९ ला यान जवळनं गेलं तेव्हा नेमकं तेच निघालं. ज्यांना तारा गेलेला दिसला नाही त्यांनी कड कुठं संपते ते सांगितलं. फक्त हो-हो आलं असतं तर आकार बंद झाला नसता.

आता पुढच्या वेळी काय बदलायचं.

सगळ्यात आधी वेळ. तुम्ही लिहिलंय लॅपटॉपचं घड्याळ मोबाईल बघून हातानं लावलं. तारा गेलाच नाही म्हणून यावेळी त्यानं फारसं बिघडलं नाही, घड्याळ ५ सेकंद चुकलं असलं तरी ८५ सेकंद दोन्ही बाजूंना आहेतच. पण तारा गेला असता तर? १ सेकंदाची चूक म्हणजे २५ किलोमीटरची चूक, तुमची जीवा शेजारच्या जीवेपेक्षा पुढं सरकलेली दिसणार आणि कोणीतरी त्यावरनं त्या वस्तूवर डोंगर शोधणार. जीपीएसवाला कॅमेरा असेल तर प्रश्नच मिटला, पण तो महाग. मधला मार्ग म्हणजे जीपीएस मोड्यूलचा दर सेकंदाचा पल्स एका एलईडीला जोडायचा आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला आणि शेवटी दुर्बिणीच्या तोंडाशी तो चमकवायचा, मग फ्रेमच्या वेळा त्यावर ताडून घेता येतात. कोल्हापुरात इलेक्ट्रॉनिक्सचं सामान मिळतं, पॉलिटेक्निकचा एखादा पोरगा हे एका रविवारी करून देईल. इंटरनेटवरनं एनटीपी (घड्याळ आपोआप जुळवायची सोय) लावणार असाल तर चालेल, पण मोबाईल हॉटस्पॉटवर ते थोडं लटपटतं, रेकॉर्डिंगच्या तासभर आधीपासनं चालू ठेवा आणि त्याचा लॉग जपून ठेवा. आणि हेही बघा की यूएसबी कॅमेऱ्याच्या फ्रेमवर जी वेळ पडते ती बऱ्याचदा फ्रेम लॅपटॉपवर पोचल्याची असते, एक्स्पोजर सुरू झाल्याची नव्हे. रोलिंग शटर (फ्रेम ओळीओळीनं वाचणारं) असेल तर वरच्या ओळीची आणि खालच्या ओळीची वेळही वेगळी.

तारखेचंही सांगतो कारण यात चांगली चांगली माणसं फसतात. अंदाज यूटीसीमध्ये असतात. आपल्याकडं पहाटे साडेपाचपर्यंत यूटीसीची तारीख कालचीच असते. १४ मार्च २०:३० यूटीसी म्हणजे आपल्या १५ तारखेच्या रात्रीचे २ वाजलेले, म्हणजे १४ तारखेला जेवून गच्चीवर जायचं. कागदावर मोठ्या अक्षरात भारतीय वेळ लिहून भिंतीला चिकटवा.

एक्स्पोजर कमी करा. १३.८ प्रतीसाठी ८ इंचात, २ बाय २ बिनिंग करून (चार पिक्सेल एकत्र धरून), कागलच्या आकाशात अर्धा ते एक सेकंद जमायला हवा. निकष असा धरा की ताऱ्याची चमक फ्रेमागणिक जेवढी हलते त्याच्या चारपट तरी घट व्हायला पाहिजे. घट किती होणार हे आधी काढता येतं. झाकणारी वस्तू १७.३ प्रतीची, म्हणजे हौमिया या नेपच्यूनपलीकडच्या वस्तूएवढी मंद असली तर १३.८ चा तारा गेल्यावर ९६ टक्के प्रकाश जातो, स्पष्ट दिसतं. पण १७.५ चा तारा असेल तर झाकल्यावरही वस्तूचा स्वतःचा प्रकाश उरतोच, मग घट निम्म्याचीच, आणि तसल्या ताऱ्याच्या मागं आपण ८ इंचात लागायचंच नाही. ऑटो गेन, ऑटो एक्स्पोजर बंद, फिल्टर काढून टाका, फाइल एसईआर किंवा फिट्समध्येच, दाबलेल्या व्हिडिओत नको. फ्रेममध्ये दोन-तीन शेजारचे तारे ठेवा, पातळ ढग आला तर सगळेच मंदावतात, पिधान असेल तर एकटा आपलाच.

लहान एक्स्पोजरचं अजून एक कारण आहे आणि ते मला सगळ्यात जास्त आवडतं. ३ जून २०१३ ला चारिक्लो नावाच्या साधारण २५० किलोमीटरच्या वस्तूचं पिधान दक्षिण अमेरिकेतनं बघितलं, चिलीतल्या ला सिया इथल्या १.५४ मीटरच्या डॅनिश दुर्बिणीवर वेगानं फ्रेम घेणारा कॅमेरा होता. मुख्य पिधानाच्या आधी आणि नंतर तारा क्षणभर मंदावला. त्या वस्तूभोवती दोन कडी निघाली, एक साधारण ७ किलोमीटर रुंद, दुसरं ३. त्याआधी कडी फक्त मोठ्या ग्रहांना असतात असंच सगळे धरून होते. ७ किलोमीटरचं कडं सेकंदाच्या तिसऱ्या भागात निघून जातं, २ सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये ते धुऊन निघतं. त्यानंतर २०१७ मध्ये हौमियाचं कडं सापडलं, २०२३ मध्ये क्वाओआरचं जाहीर झालं आणि ते तर जिथं कडं टिकायलाच नको, सगळे तुकडे गोळा होऊन उपग्रह व्हायला पाहिजे, इतक्या लांब आहे. का टिकलंय यावर अजून वाद चालू आहे.

म्हणून रेकॉर्डिंग ३ मिनिटांचं नको. हौमियाचं कडं मध्यापासनं २,२८७ किलोमीटरवर, म्हणजे दीड मिनिट, क्वाओआरचं ४,१०० च्या आसपास, म्हणजे पावणेतीन मिनिटं, त्यात वेळेची अनिश्चितता धरा. दोन्ही बाजूंना किमान १०-१० मिनिटं ठेवा, हार्डडिस्कवर जागा असेल तर अजून जास्त. आणि लाइट जाते म्हणून लॅपटॉप पूर्ण चार्ज आणि माउंटला १२ व्होल्टची बॅटरी.

लांब रेकॉर्डिंगचा सगळ्यात मोठा पुरावा १० मार्च १९७७ चा. युरेनस एका ताऱ्यापुढनं जाणार होता, जेम्स एलियटचा गट विमानातल्या दुर्बिणीतनं बघत होता आणि वेळेची खात्री नसल्यानं त्यांनी यंत्रं बरीच आधी चालू केली होती. ग्रह यायच्या आधीच तारा पुन्हा पुन्हा मंदावला, ग्रह गेल्यावर परत तसंच, अशी युरेनसची कडी सापडली. त्याच रात्री तमिळनाडूत कावलूरच्या १ मीटर दुर्बिणीवर जे. सी. भट्टाचार्य आणि कुप्पुस्वामी यांनाही ताऱ्याचा प्रकाश पडलेला मिळाला, त्यांनी तो आधी नवा उपग्रह म्हणून नेचरमध्ये छापला. नैनितालहूनही निरीक्षण झालं. सगळ्या ठिकाणचे आकडे एकत्र ठेवल्यावर कड्यांचं चित्र स्पष्ट झालं. अलीकडचं बघायचं तर ६ जून २०२० ला उत्तराखंडातल्या देवस्थळच्या ३.६ मीटर आणि १.३ मीटर दुर्बिणींनी प्लूटोचं पिधान पकडलं, त्यावरनं प्लूटोच्या हवेचा दाब १२ मायक्रोबारच्या (मायक्रोबार म्हणजे बारचा दहा लाखावा भाग) आसपास आणि २०१५ पासनं जवळपास स्थिर असल्याचं कळलं. हवा असली की तारा एकदम विझत नाही, हळूहळू मावळतो, त्या मावळण्यातच दाब लिहिलेला असतो. भारत या कामात का महत्त्वाचा तर सावली हिंदी महासागरावरनं आपल्याकडनं जाते तेव्हा आपल्या रेखांशावर बघणारं फार कमी असतं. आपण बघितलं नाही तर ती सावली कुणीच बघितलेली नसते.

आता जागेचं. ९०० किलोमीटरच्या सावलीसाठी गगनबावडा किंवा राधानगरीपर्यंत पळून शक्यता वाढत नाही, ३०-४० किलोमीटरनं काही फरक पडत नाही. एमआयडीसीचे दिवे आडवे येत असतील तर जरूर जा, पण मसाई पठारासारख्या उघड्यावर गेलात तर गाडीच्या आडोशाला दुर्बीण लावा, वाऱ्यानं नळी हलली की तारा फ्रेममध्ये नाचतो. खरा फायदा उत्तर-दक्षिण पसरण्यात आहे. सावली पूर्व-पश्चिम धावते, आणि आपला पुणे-बेंगळुरू हायवे तिला जवळजवळ आडवा जातो. पुणे, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, पुणे ते हुबळी सरळ रेषेत पावणेचारशे किलोमीटर भरतात आणि प्रत्येक गावाची जीवा वेगळी पडते. या पाच गावांत प्रत्येकी एक ८ इंची आणि बरोबर घड्याळ एवढं जमलं तर अशा वस्तूच्या कडेचा आकार बऱ्यापैकी काढता येईल. २०१४ च्या नोव्हेंबरमध्ये २००३ एझेड८४ नावाच्या वस्तूची एक जीवा अगदी कडेला घासून गेली आणि त्यावर ८ किलोमीटरपेक्षा खोल दरी किंवा मोठा खळगा असावा असं निघालं, जपान, चीन, थायलंडमधल्या निरीक्षकांनी मिळून. असं काहीतरी हायवेवरच्या गावांनी मिळून करावं अशी माझी फार इच्छा आहे, आणि तुमच्यासारखे शिक्षक असतील तर ते होईल.

मोसमाचं आपल्याकडं बघावंच लागतं. प्लूटो सध्या मकरेत, प्रतियुती जुलैअखेर, म्हणजे आपल्याकडं ऐन पावसात. त्याचा नाद उत्तराखंडवाल्यांनी करावा. क्वाओआरही जूनचा, पण मार्च ते मेच्या पहाटे तो वर येतो आणि तो आकाशगंगेच्या दाटीत असल्यानं त्याला तारे भरपूर मिळतात, तेव्हा त्याच्यावर लक्ष ठेवा. हौमिया, माकेमाके, ऑर्कस हे फेब्रुवारी ते मे रात्रभर चांगले, फक्त आकाशगंगेपासनं लांब असल्यानं त्यांच्या वाटेत चांगला तारा क्वचित येतो. गळीत हंगामात पाचट पेटवल्याचा धूर आणि थंडीत पंचगंगेकाठचं धुकं, हे धरून गच्ची कुठली ते ठरवा.

मधल्या काळात हात बसवायला मुख्य पट्ट्यातल्या (मंगळ आणि गुरूच्या मधल्या) लघुग्रहांची पिधानं करा. गायामुळं त्यांचे अंदाज आता काही किलोमीटरपर्यंत बरोबर येतात, ५० किलोमीटरचा लघुग्रह असेल तर तारा तीन-चार सेकंद जातो आणि तुम्ही पट्ट्यात असलात तर बहुतेक वेळा जातोच. तिथं मात्र गाडी काढून नेमक्या जागी जावं लागतं. पोरांना तारा विझताना एकदा बघू द्या, मग दूरच्या वस्तूंसाठी ती थंडीत दोन तास आपणहून बसतील.

आणि मार्चची ती फाइल टँग्रा किंवा पायमूव्ही या प्रोग्रॅममधनं काढून प्रकाशवक्र (वेळेनुसार ताऱ्याच्या चमकेचा आलेख) बनवा, त्यासोबत कागलच्या गच्चीचे अक्षांश-रेखांश आणि उंची, दुर्बीण, एक्स्पोजर, रेकॉर्डिंग सुरू आणि बंद झाल्याची वेळ, घड्याळ हातानं लावलं होतं हे स्पष्ट लिहून, ढग कधी आला असला तर तेही, ऑकल्टवॉचरवर निगेटिव्ह म्हणून नोंदवा आणि अंदाज ज्या गटाचा होता त्यांनाही पाठवा. त्याच रात्री भोपाळ, दिल्ली किंवा तिरुवनंतपुरमहून कुणी बघितलं होतं का तेही त्यांना विचारा, त्यातल्या एकाला जरी तारा गेलेला मिळाला असेल तर वस्तू उत्तरेला होती की दक्षिणेला ते तुमच्या फाइलसोबत लगेच पक्कं होईल. प्रकाशवक्र काढताना अडलं तर फिट्स पाठवा, मी बघतो.